रांगोळीतला गड आणि बंद पंखा

अख्ख्या कोल्हापुरात मे महिन्यात पंखा न लावणारं एकच घर, आमच्या शेजारच्या काकांचं. काकांना उकडत नव्हतं असं नाही. पण ते फरशीवर रांगोळीनं सिनेमा काढत होते, आणि पंखा लागला असता तर पन्हाळा उडाला असता. सिनेमा पन्हाळा बांधणाऱ्या शिलाहार राजांच्या काळातला. काकांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले तसा ब्रश ठेवला आणि रांगोळीचा डबा उचलला. छताला पाळण्याची कडी, कडीला पालथा बांधलेला मोबाईल, खाली काका ओणवे. हत्तीची सोंड बोटानं जरा सरकवायची, फोटो. अजून जरा, फोटो. त्या हत्तीनं एक ओंडका उचलेपर्यंत आमच्या गल्लीतलं गटार खोदून, बुजवून, परत खोदून व्हायचं. खोलीत शिंकायला बंदी. एकदा पोस्टमन दारात शिंकला, तर काका ओरडले, "पावणं, तटबंदी पाडलीसा की!"

मी नकला करतो, म्हणून राजा, मजूर, हत्ती, सगळ्यांचे आवाज माझे. एकदा राजा जरा पुस्तकी बोलला, तर काका उखडले. "अरं, गड पन्हाळ्याचा, मग राजा पुण्याचा कुठनं आणलास?" तेव्हापासून आमचे महाराज हत्तीला "सरक की भावा" म्हणतात.

गोष्ट साधी. गडाच्या नादात राजा राणीला विसरतो, राणी रुसून माहेरी जाते, शेवटी परत येते. काकूंनी गोष्ट ऐकली, पदरानं घाम पुसला आणि माहेरची, गडहिंग्लजची एसटी धरली. "पंखा लागला की कळवा," एवढंच म्हणाल्या.

मग काका आधी चहात साखर विसरले, नंतर चहाच विसरले. राणीचं जाणं त्यांनी झटक्यात काढलं होतं. परत येणं काही जमेना. काढायचे, पुसायचे. "ही चाल तिची न्हवं," म्हणायचे. एके दिवशी मात्र जमली. राणी गडाच्या पायथ्याला लागली. काका खूश होतील म्हटलं, तर हे भिंतीला टेकून दाराकडं बघत बसले. मला राहवेना. "काका, काकूंना फोन लावू. पंख्याचा आवाज मी काढतो." माझ्या मोबाईलवरनं लावला, स्पीकरवर टाकला आणि जीव तोडून घर्रर्र केलं.

पलीकडनं काकू, "ते पोरगं हाय व्हय तिथं? त्याला म्हणावं, आपला पंखा टकटक करतोय, घरघर न्हाय."

काका उठले, बटणाकडं निघाले. मी आडवा आलो. "काका, चार दिवस दम धरा, राणी गडावर पोचंल!"

"आन् ही?" फोनकडं बोट करून काका म्हणाले, आणि बटण दाबलं.

टक. टक. टक. राणी, हत्ती, पन्हाळा, सगळं आमच्या नाकातोंडात.

"आलेच," काकू म्हणाल्या.

त्यानंतर पंखा बंद झाला नाही आणि सिनेमा पुढं गेला नाही. गल्लीच्या गणपतीत जेवढा झाला होता तेवढाच दाखवला. राणी माहेरी जाते, परत गडाच्या पायथ्याला लागते, राजा तटावर बसून वाट बघतो, खलास. पोरं ओरडली, "काका, राणी कुठं गेली?"

काकांनी शेजारच्या खुर्चीकडं बघितलं. "घरी आली की."

काकूंनी तोंडाला पदर लावला. मी गल्लीतल्या सगळ्यांच्या नकला करतो, पण काकांचं ते "आली की" कितीदा काढून बघितलं. नुसती घरघर होते.