डिझेलचा ओशटपणा

मांजरसुंब्याच्या चौकात गाड्यांचे डिझेल पंप दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे. फार कमी बोलतो. आधी दोन बोटांत डिझेल चोळून बघतो, मगच पान्याला हात लावतो. माझ्या जीपचा पंप वर्षात दुसऱ्यांदा झिजला, तेव्हा त्याने ती बोटं माझ्यापुढे धरली.

“ओशटपणाच न्हाई. रॉकेल मिसळलंय, पंप कोरडाच घासला. कुठं भरलंत?”

मी जवळच्याच पेट्रोल पंपाचं नाव घेतलं. तो पंप मिस्त्रीच्याच सख्ख्या भावाचा. त्याने सावकाश हात पुसले आणि माझ्यासमोरच पुरवठा खात्याच्या साहेबांना फोन लावून, स्वतःचं नाव सांगून तक्रार दिली.

मी हादरलो. “अहो, भाऊ हाय तुमचा.”

“म्हनून तर आधी त्यालाच सांगितलं,” तो म्हणाला, “दोनदा.”