शेजारची खुर्ची

रोज सकाळी पावणेनऊला तेओना टेबलासमोरची खुर्ची उचलून आपल्या खुर्चीशेजारी ठेवायची. संध्याकाळी साफसफाईवाली बाई ती परत समोर सरकवायची. दोघींनी एकमेकींना कधी काही म्हटलं नाही.

"समोर बसवलं की माणूस आरोपी होतो," तेओना म्हणायची. "शेजारी बसला की आपण दोघं मिळून कागदाकडे बघतो."

ओल्डेनबुर्गमधल्या स्थलांतरितांच्या सल्ला केंद्रात आम्ही दोघी इंटर्न होतो. एकाच वर्गातल्या, मी याच शहरातली, ती जॉर्जियाची. पदवीसाठी सहा महिन्यांची इंटर्नशिप सक्तीची होती. केंद्रप्रमुख आन्त्येबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की कागदावर काय आहे ते वाचून दाखवायचं. 'जा' म्हणायचं नाही, 'जाऊ नका' म्हणायचं नाही. ज्याचं त्याने ठरवायचं.

फेब्रुवारीत तेओनाचा स्वतःचा जर्मनीत राहण्याचा परवाना संपत होता. मुदतवाढीसाठी तिला मिळालेली वेळ शेवटच्या दिवसाची होती, आणि नेमकी त्याच सकाळी केंद्रात येणाऱ्या आसलानबेक आजोबांची आश्रयाच्या अर्जावरची सुनावणी. आजोबा चेचेन, स्वतःच्या भाषेखेरीज त्यांना रशियनच कळायचं, आणि केंद्रात रशियन येणारी तेओना एकटीच. दुभाषा आयत्या वेळी आला नाही.

"मी जाते त्यांच्याबरोबर," तेओना कोट चढवत म्हणाली.

"अगं, तुझा अर्ज?"

"तीन दिवसांनी देईन. तीन दिवसांत काय आभाळ कोसळतंय?"

दुसऱ्या कुणाला तिने हे कधीच करू दिलं नसतं. मुदतीच्या तारखेवर ती लोकांसाठी लाल शाईने दोनदा गोल करायची.

अर्ज उशिरा गेला, म्हणून परवान्याऐवजी तात्पुरता कागद हाती आला. निर्णय लागेपर्यंत राहायला मुभा, एवढंच.

मार्चमध्ये तिकडे जॉर्जियात, काखेती भागातल्या तिच्या गावी, तिचे वडील गेले. मातीला ती पोचू शकली नाही. पण चाळिसावा दिवस होता अजून. त्या दिवशी सगळं गाव जेवायला येतं आणि लेकीने दारात उभं राहायचं असतं.

एका दुपारी ती माझ्या टेबलाशी आली, खुर्ची माझ्या शेजारी ओढली आणि कागद पुढे ठेवला.

"वाच."

"तुला पाठ आहे गं."

"पाठ आहे म्हणूनच. तू वाच."

मी वाचलं. देशात राहण्यास मुभा, इथे खूण होती. बाहेर जाऊन परत येण्यास मुभा, तो चौकोन रिकामा होता.

"म्हणजे जाऊ शकते मी."

"जाऊ शकतेस. परत येऊ शकत नाहीस."

"जाऊ का?"

मी त्या रिकाम्या चौकोनाकडे बघत राहिले.

"शहाणी मुलगी," ती म्हणाली. "आन्त्येबाई तुला प्रमाणपत्रात चांगला शेरा देणार." मग कागदाची घडी घालत, "आईलाही विचारलं. ती म्हणते, तुझं तू ठरव. आमच्या गावातही हाच नियम निघाला."

तिकीट तिने शोधून ठेवलं होतं. रोज जेवणाच्या सुट्टीत ते उघडून बघायची आणि बंद करायची. इंटर्नशिपचे पाच आठवडे उरले होते, मग प्रबंध. इथून निघालं तर दोन वर्षं पाण्यात. न निघालं तर दारात कुणी नाही. मी एकदा म्हटलं, आसलानबेक आजोबांना त्यांच्यापायी गेलेल्या त्या तीन दिवसांचं सांगून टाकू या.

"त्यांना कळलं तर बघ," ती म्हणाली. "ते मग खुर्चीत बसणारच नाहीत."

चाळिसावा दिवस सोमवारी आला. तेओनाही आली, पावणेनऊला. खुर्ची शेजारी ठेवली. मग केंद्राच्या स्वयंपाकघरात, गावाकडे गेलेल्या माणसाच्या नावाने करतात तसा, पावाचा तुकडा कपाखालच्या बशीत ठेवून त्यावर लाल वाइन ओतली आणि पाव भिजेपर्यंत बघत उभी राहिली.

"नऊची वेळ आजोबांची आहे," मी म्हटलं. "मी घेऊ का?"

"तुला रशियन येतं?"

"नाही."

"मग?"

तिने बशी खिडकीत सरकवली. आजोबा दारात टोपी काढत होते. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी काहीतरी विचारलं, आणि ती किंचित हसली. मग तिनेच मला सांगितलं, "विचारतायत, डोळे लाल का, नवऱ्याशी भांडलीस? म्हटलं, आधी नवरा शोधून द्या."

आणि त्यांच्याकडे वळून, शेजारची खुर्ची थोपटत, त्यांच्याशी ती रोजच्याच सुरात बोलली. ते वाक्य इतक्या वेळा ऐकलं होतं, की रशियन न येताही मला कळलं.

"बसा, आजोबा. सगळे कागद आणलेत ना?"