सॉनाच्या दाराची कडी

शनिवारी संध्याकाळी आमच्या गावातला धूर हळूहळू सरोवराकडे सरकतो. इथे प्रत्येक घरामागे सॉना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफेत न्हायची लाकडी खोली आहे आणि शनिवारी प्रत्येक सॉनातले दगड तापतात. सरोवरावर धुकं उतरलं असलं, की धूर कुठे संपला आणि धुकं कुठून सुरू झालं ते कळत नाही. अशा वेळी मला अजून वाटतं, त्या पांढऱ्यातून इम्पी कांगास चालत येईल, काखेत टॉवेल आणि तोंडात शिवी घेऊन.

इम्पी आमच्या शाळेची बस चालवायची. बर्फ गुडघ्याएवढं पडो, तिची बस वेळेवर यायची आणि आतली पोरं चिडीचूप असायची. पन्नाशीत तिचा डावा स्तन काढला. तेव्हा आमच्या फिनिश लोकांत कॅन्सरचं नाव कुणी घेत नसे. "तिला ते झालंय," एवढंच म्हणायचं आणि कपात आणखी कॉफी ओतायची. इम्पी मात्र वाण्याच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणायची, "एक काढलाय, एक आहे. आणखी काय विचारायचंय?"

रिकाम्या जागी घालायला तिनं लोकरीचा एक स्तन विणला आणि वजन यावं म्हणून त्यात सातूचे दाणे भरले. सॉनात जाताना तो बाहेरच्या खोलीत खुंटीवर टांगायची. एकदा तिथेच विसरली. काही दिवसांनी बघते तर ऊब आणि ओल मिळून सातूला कोंब फुटलेले, टाक्याटाक्यातून हिरवी लव वर आलेली! तिनं तो बशीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. पाद्रीबुवा आले, वेलचीचा पाव खाता खाता म्हणाले, "हे कसलं रोप?"

"माझी छाती आहे," इम्पी म्हणाली. "तुमच्या प्रार्थनेला यश आलंय."

पाद्रीबुवांनी कॉफी अर्धी टाकली.

पुढे दर गुरुवारी तिच्या सॉनात ऑपरेशन झालेल्या बायका जमू लागल्या. वाफेत समोरचीचा चेहरा नीट दिसत नाही, त्यामुळे घरी घशात अडकलेलं तिथे बाहेर पडतं. कुणी रडायची, कुणी नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायची, कुणी नुसतीच बसायची. त्यांना सोडायला आलेल्या नवऱ्यांना आणि लेकांना इम्पी गाडीत बसू द्यायची नाही. हातात कुऱ्हाड द्यायची. "लाकडं फोडा. रडू आलं तर इथेच रडा, लांब कुठे जाऊ नका." ते दात-ओठ खात लाकडं फोडायचे, मग दमून एकाच ओंडक्यावर बसायचे आणि एकमेकांशी बोलू लागायचे. इम्पीला जळण कधी कमी पडलं नाही. लबाड होतीच ती.

मग माझा नंबर लागला. वसंतात माझा उजवा काढला.

लग्न झाल्यापासून रेनो आणि मी शनिवारी सॉनात बरोबर जात आलो. तो दगडांवर पाणी टाकणार, मी त्याची पाठ घासणार, तो माझी. आम्ही दोघं अबोल. आमचं जे काही बोलणं होतं ते तेवढंच. जखम भरली, डॉक्टरांनी परवानगी दिली, तेव्हा रेनोनं सॉना तापवला. मी आत गेले आणि बघते तर दाराला आतून नवीकोरी पितळी कडी.

आमच्याकडे सॉनाच्या दाराला कडी नसते. आत कुणाला भोवळ आली तर बाहेरून दार ओढता आलं पाहिजे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि हा सॉना तर रेनोच्या आजोबांनी बांधलेला.

"सायमा, तुला एकटीला निवांत बसता यावं म्हणून," रेनो स्वतःच्या बुटांकडे बघत म्हणाला.

मी समजायचं ते समजले. याला मी बघवत नाही.

तो सगळा उन्हाळा मी कडी लावून एकटी बसले. बाहेर आल्यावर आम्ही पाहुण्यांसारखे वागायचो. बशी पुढे करायची, आभार मानायचे. शेवटी मी डुलुथ शहरात बहिणीकडे जायचं ठरवलं. रेनोला सांगितलं, थोडे दिवस. मनातून मात्र कायमचंच. बॅगही भरली.

गुरुवारी वाफेत बसून हे फक्त इम्पीला सांगितलं. ती ऐकत होती. कडीचं निघालं तसा तिनं दगडांवर पाणी टाकायचा डाव बादलीत आपटला.

"कडी? सॉनाला? अगं, आपली माणसं सॉनात जन्मली, मेल्यावर सॉनातच त्यांना न्हाऊ घातलं, पण कडी कुणी लावली नाही!"

शनिवारी ती आमच्या अंगणात हजर.

"रेनो, पेचकस आण."

"कशाला?"

"तुझ्या डोक्याचा स्क्रू ढिला झालाय म्हणून. आण."

तो घेऊन आला. मी टॉवेल धरून मागे उभी होते.

"ही कुणासाठी लावलीस?" इम्पीनं सॉनाचं दार उघडून आतल्या कडीवर बोट ठेवलं.

"तिच्यासाठी." तो पेचकस हातात फिरवत राहिला. "दवाखान्यात नर्स पट्टी बदलत होती, तेव्हा मी दारातून पाहिलं. मला रडूच फुटलं. माझा चेहरा मला आवरत नाही, इम्पी. सायमानं ते पाहिलं तर तिला काय वाटेल? म्हटलं, दार तरी बंद असू दे."

"गाढवा!" मी ओरडले. "रडायचं होतंस ना! कडी कसली लावतोस? मी इकडे रोज मरतेय!"

उन्हाळाभरात घरात कुणी एवढ्या मोठ्यानं बोललं नव्हतं. इम्पीनं मान डोलावली. "हां. आता नवरा-बायको वाटताय. रेनो, लावलीस तूच, काढ तूच."

त्यानं काढली. इम्पीनं कडी खिशात घातली आणि कॉफीलाही न थांबता निघून गेली. पुढे तिचा आजार उलटला. ती गेली तेव्हा त्या सातूवाल्या खुंटीवर ती कडी लटकत होती. मी तिथे उभी राहून खूप रडले.

पण त्या शनिवारी मी आत जाऊन वरच्या फळीवर बसले. दारात स्क्रूची भोकं राहिली होती. त्यांतून संध्याकाळचा उजेड बारीक दोऱ्यांसारखा वाफेत उतरला होता. बाहेर पावलं वाजली आणि थांबली.

"सायमा, येऊ?"

इतक्या वर्षांत हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"ओढ दार. उघडंच आहे."

तो आला, खालच्या फळीवर बसला आणि त्यानं वर पाहिलं. त्याला चेहरा खरंच आवरेना. मला ते सोसेना. वाफेआड लपावं म्हणून मी घाईनं डाव उचलला, तसा त्यानं माझा हात धरला.

"पाणी टाकू नकोस गं. मग मला नीट दिसत नाही."