गाडीत दोष नाही

आईने बाबांच्या गाडीत बसायचं बंद केलंय, हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. आम्ही मुलुंड पूर्वेला एकाच सोसायटीत राहतो. आई-बाबा एका विंगमध्ये, मी आणि माझा नवरा शेजारच्या. एका रविवारी भांडुपला मावशीकडे जेवायला जायचं होतं. बाबा गाडी काढून गेटशी थांबले होते आणि आई रस्त्यावर उभी राहून रिक्षाला हात करत होती.

"अगं, गाडी आहे ना?" मी म्हटलं.

"मला मळमळतं आजकाल गाडीत," असं म्हणून ती रिक्षात बसली आणि गेलीसुद्धा.

आईला जन्मात कधी गाडी लागलेली नाही. गावी जाताना घाटात आम्ही सगळे डोळे मिटून बसलेलो असतो आणि ती वेफर्स खात असते. संध्याकाळी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. तिने आधी उडवाउडवी केली, मग सांगितलं. घाटकोपरला लग्नाला जाताना बाबांनी एका रिक्षाला घासलं होतं. त्याच्या आधी सोसायटीच्या गेटला. एकदा तर रस्ता ओलांडणाऱ्या बाईच्या पिशवीला आरसा लागला, पिशवी खाली पडली, आणि बाबा तसेच पुढे. त्यांना कळलंच नाही.

"त्यांना काही बोलू नकोस हं," आई म्हणाली. "खूप लागेल त्यांना."

लागणार होतंच. बाबा मुंबईत बस चालवत होते. ऐन गर्दीच्या रस्त्यांवर आयुष्यभर बस चालवून एकही अपघात न करता निवृत्त झालेला माणूस. त्यांचे वडील गिरणीत होते. घरात गाडी आली ती बाबांच्या निवृत्तीनंतर, पांढरी, छोटी, सेकंडहँड. तिला ते रोज सकाळी पुसायचे. त्यांना मी काय सांगणार? तरी मी एकदा प्रयत्न केलाच. म्हटलं, "बाबा, आता ट्रॅफिक किती वाढलंय, ड्रायव्हर ठेवूया का?" त्यांनी पेपर खाली केला. चिडले की ते मालवणीत जातात.

"तू माका गाडी शिकवतंस? तुझ्या जल्माच्या आधीपासून चालवतंय मी!"

आणि पेपर पुन्हा वर. बारीक अक्षरातल्या जाहिरातीसुद्धा चष्म्याशिवाय वाचतात, त्यामुळे डोळ्यांचा विचार माझ्या मनात आलाच नाही. मला वाटलं, वय झालं. लक्ष राहत नसेल. हात मंद झाले असतील.

मग मला गॅरेजवाला आठवला.

नाल्याच्या भिंतीला लागून त्याचं गॅरेज आहे, दोन गाड्या जेमतेम उभ्या राहतील एवढं. माणूस पन्नाशीचा, मुलुंडातच वाढलेला, आणि तोंडाचा फटकळ. गिऱ्हाइकाने घाई केली की "मग घेऊन जा दुसरीकडे" म्हणून चावी हातात ठेवतो. बाबांचा त्याच्यावर एवढा विश्वास का, ते मला माहीत होतं. गाडी नवी नवी घरी आली होती तेव्हाची गोष्ट. त्याने संध्याकाळी टायर बदलून दिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा गाडी काढायच्या आत, तो आमच्या दारात हजर. म्हणाला, "काका, मागच्या चाकाचे नट मी शेवटचे आवळले की नाही, आठवत नाहीये. झोप नाही लागली. पाना घेऊन आलोय." दोघं खाली गेले. नट घट्ट होते. तो "हां, ठीक आहे," म्हणून चहाही न घेता निघून गेला. त्या दिवसापासून गाडीच्या बाबतीत बाबांना दुसरं कोणी चालत नाही.

म्हणजे हा सांगेल ते बाबा ऐकतील, असा माझा हिशेब. ऑफिसला अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून मी गॅरेजवर गेले. तो एका टॅक्सीच्या बोनेटमध्ये वाकलेला होता. मी सगळं सांगितलं. रिक्षा, गेट, बाईची पिशवी.

"आता पुढच्या आठवड्यात बाबा सर्व्हिसिंगला गाडी आणतील," मी म्हटलं. "तेव्हा तुम्ही सांगा, इंजिन गेलं. आता दुरुस्तीत अर्थ नाही, काढून टाका."

तो सरळ उभा राहिला. "ताई, इंजिन फर्स्ट क्लास आहे."

"मला माहितीये."

"मग?"

"मग काय! तुम्ही म्हणालात तर ते ऐकतील. दुसऱ्या कोणाचं नाही ऐकणार."

"तेच ना," तो फडक्याला हात पुसत म्हणाला. "मी बोललो इंजिन गेलं, तर काका बोनेट उघडून पण बघणार नाहीत. गाडी विकून मोकळे होतील. म्हणूनच नाही सांगणार."

मला राग आला. म्हटलं, उद्या कोणाला लागलं, बाबांनाच काही झालं, तर? तुमचा शब्द राहील, पण माणूस?

त्या टॅक्सीचा डावा आरसा त्याने उगाचच हलवून बघितला. मग म्हणाला, "काकांच्या गाडीचा हा आरसा मी किती वेळा बदलला, ठाऊक आहे? डावाच. मला वाटायचं, सोसायटीत कोणीतरी ठोकतं. मी पण विचारलं नाही." फडकं खांद्यावर टाकून पुढे म्हणाला, "मी बसतो त्यांच्या बाजूला. त्यांनी नीट चालवली तर तुम्ही परत विषय काढायचा नाही. नाही चालवली तर मी तोंडावर सांगेन. चालेल?"

चाललं पाहिजे, असं मी म्हटलं. माझ्याकडे दुसरं होतं काय?

रविवारी सकाळी तो आला. मला वाटलं होतं, काहीतरी निमित्त काढेल. ब्रेकचा आवाज वगैरे. तर हा पठ्ठ्या दारातच म्हणाला, "काका, ताई आल्या होत्या माझ्याकडे. त्यांना तुमच्या ड्रायव्हिंगची भीती वाटते. मला बोलल्या, गाडी खराब आहे म्हणून सांगा. मी नाही बोललो. चला, एक राउंड मारू, मी बघतो."

आई हातातलं ताट घेऊन आत पळाली. मी जिथे होते तिथेच उभी. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मला वर बघवत नव्हतं.

"माझ्या पाठीमागे?" ते एवढंच म्हणाले. मग खुंटीवरची चावी काढली. "चल रे. बघ तू. आणि तूसुद्धा चल, मागे बस. बघून घे."

गाडी निघाली. बाबा ताठ बसून चालवतात, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जसे बसमध्ये बसत असतील तसे. नवघर रोडवर रविवारची भाजीची गर्दी होती. त्यातून त्यांनी गाडी इतकी अलगद काढली की मलाच लाज वाटायला लागली. गिअर कधी बदलला कळत नव्हतं. समोरून टेम्पो चुकीच्या बाजूने आला, तेव्हा बाबा शांतपणे थांबले, त्याला जाऊ दिलं. गॅरेजवाला खिडकीतून बाहेर बघत होता. त्याने एकदाही मान हलवली नाही.

मग बाबांनी डावीकडच्या गल्लीत गाडी वळवली.

वळणावर शहाळ्यांची हातगाडी उभी होती. मला ती दिसत होती. बाजूला बसलेल्यालाही दिसत होती. मी वाट बघत होते की बाबा आता थोडी उजवीकडे घेतील, आता घेतील, आणि गाडी सरळ तिच्यावर चालली होती. हातगाडीवाला शहाळं सोलत होता, आमच्याकडे पाठ करून. तेवढ्यात गॅरेजवाल्याने हँडब्रेक खस्सकन वर ओढला.

गाडी गचका देऊन बंद पडली. बंपर आणि त्या माणसाच्या पोटऱ्या यांच्यात वीतभर जागा असेल. तो वळला, त्याने बोनेटवर थाप मारली. "दिखता नहीं क्या?"

"गलती हमारी है, भाई," गॅरेजवाला खिडकीतून म्हणाला. "माफ करना."

बाबा समोर बघत होते. "खयसून इलो रे तो?" त्यांनी विचारलं. कुठून आला. अगदी खरोखर विचारत होते.

"तो तिथेच होता, काका. आपण वळायच्या आधीपासून."

"नाय. नव्हतो तो."

"होता."

मागे हॉर्न वाजायला लागले. बाबांनी गाडी पुन्हा सुरू केली, हळूच पुढे नेऊन कडेला घेतली, हँडब्रेक लावला. सगळं नियमाप्रमाणे.

"गाडीत काय दोष?" त्यांनी विचारलं.

"गाडीत दोष नाही," गॅरेजवाला म्हणाला. त्याचा आवाज एरवीसारखाच होता, ना गोड ना कडक. "तुमच्या हातात पण नाही. मघाशी गर्दीतून गाडी काढलीत, तशी मला पण नाही जमणार. पण डावीकडचं तुम्हाला दिसत नाहीये, काका. का, ते मला नाही माहीत. डॉक्टरला दाखवा. तोपर्यंत तुम्ही ही चालवू नका. चालवणार असाल तर मी हिला हात लावणार नाही."

मला वाटलं, आता स्फोट होणार. बाबांनी काचेतून बाहेर बघितलं. मग उजवा डोळा हाताने झाकला. थोडा वेळ तसेच बसले. हात काढला, पुन्हा झाकला. काय दिसलं, काय नाही, ते बोलले नाहीत. दार उघडून उतरले, पुढून वळसा घालून डाव्या दाराशी आले.

"सरक," ते गॅरेजवाल्याला म्हणाले. "तू चालव."

डोळ्यांच्या डॉक्टर घाटकोपरला मिळाल्या. बाबांना एका यंत्रासमोर बसवलं, आत बारीक बारीक दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी शेजारी उभी होते. उजव्या डोळ्याच्या वेळी बटण टकाटका वाजत होतं. डाव्याच्या वेळी शांतता. मधूनच एखादी टक, पुन्हा शांतता. बाबा बटणावर अंगठा ठेवून वाट बघत होते.

काचबिंदू होता. डॉक्टरांनी समजावलं की यात कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत राहते, म्हणून माणूस पेपर वाचत असतो आणि त्याला पत्ता लागत नाही. डाव्या डोळ्याचं जेवढं गेलं ते परत येणार नव्हतं. "पण उजव्याला आत्ताच सुरुवात झालीये," त्या म्हणाल्या. "तो वाचवता येईल. थेंब चुकवायचे नाहीत. वेळेवर आलात."

बाहेर पॅसेजमध्ये येऊन मी भिंतीला टेकले आणि रडले. हायसं वाटून रडणं काय असतं ते मला तेव्हा कळलं. थांबवावंसं वाटत नाही. डोक्यात तो हातगाडीवाला होता, पाठमोरा. त्याला काही झालं नव्हतं. त्याने त्या दिवशी सगळी शहाळी विकली असतील आणि घरी गेला असेल. आणि गॅरेजवाल्याने माझं ऐकलं असतं, तर? बाबांनी गाडी विकली असती, घरी बसले असते, पेपर वाचत. आणि उजवा डोळाही हळूहळू, कोणाला न कळता, गेला असता.

बाबा माझ्या मागोमाग बाहेर आले. मला वाटलं, ते खचलेले असतील. पण त्यांचा चेहरा कित्येक दिवसांत नव्हता इतका मोकळा होता.

"ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाल्या?" ते म्हणाले. "मला दिसत नव्हतं. माझं चालवणं बिघडलं नव्हतं."

म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. आरसे तुटत होते, आई रिक्षाने जात होती, आणि हा माणूस रोज सकाळी गाडी पुसता पुसता मनात धरून बसला होता की आपला हात गेला. घरी आल्यावर त्यांनी वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना काचबिंदूची बातमी अशी सांगितली, जशी काही पेन्शन वाढली.

गाडी आता मी चालवते. लायसन्स होतं, सवय नव्हती. बाबा शेजारी बसतात आणि सूचना देतात. क्लच सोड, अगं सोड, एवढी काय घाबरतेस, तो तुझ्यासाठी थांबणार नाहीये. दोनदा मी रस्त्यात गाडी थांबवून त्यांना उतरायला सांगितलं, ते उतरले नाहीत. मागच्या सीटवर आई असते, वेफर्सचं पाकीट घेऊन.

गेल्या महिन्यात तपासणी होती. डोळ्यातलं प्रेशर व्यवस्थित खाली आलंय, उजवा जसा होता तसा आहे. परत येताना बाबा म्हणाले, गॅरेजवर घे. तो कोणाच्या तरी गाडीखाली झोपलेला होता, फक्त पाय बाहेर. बाबांनी वाकून त्या पायांनाच सगळं सांगितलं. खालून "बरं झालं, काका," एवढाच आवाज आला.

"आणि ब्रेक बघ रे जरा," बाबा म्हणाले. "ही चालवायला लागल्यापासून वाट लागलीये. आवाज करतात."

तो बाहेर आला, चावी घेतली, एकटाच एक चक्कर मारून आला. मी वाट बघत उभी होते, जसं निकालाची बघतात तशी.

"ब्रेक मस्त आहेत," तो मला चावी देत म्हणाला. "तुम्ही घाबरून फार दाबता, ताई. सिग्नल लांबून दिसला की आधीच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचला."

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्या सिग्नलचं लक्षात ठेवलंय.