उलट्या आट्यांचा नट

घरात कारागीर बोलावणं म्हणजे अण्णांचं नाक कापणं. अण्णा म्हणजे माझे वडील. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात आयुष्यभर लेथवर काम केलं त्यांनी, आणि तेवढ्या वर्षांत मल्लेश्वरमच्या आमच्या घरात ना कधी प्लंबर आला, ना इलेक्ट्रिशियन. नळ, पंखा, कुकरचं झाकण, माझ्या सायकलचे ब्रेक, सगळं अण्णाच बघणार. "माझे हात काय गहाण पडलेत?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

निवृत्त झाले आणि ते हात जरासे कापायला लागले. पण कबूल कोण करतंय! दिवाळीच्या आधी त्यांनी दारावरची बेल दुरुस्त केली, आणि पुढे महिनाभर आमच्याकडे बाथरूमचा दिवा लावला की बेल वाजायची. ऑफिसचा कॉल अर्धवट टाकून मी दार उघडायला धावायची, तर बाहेर चिटपाखरू नाही. आईची हसून हसून पुरेवाट व्हायची. पण इस्त्री उघडताना त्यांना शॉक बसला तेव्हा मात्र ती हसली नाही. पाने, पक्कड, टेस्टर, सगळं पेटीत भरून तिने पेटी कपाटात टाकली आणि किल्ली कमरेला खोचली. "पुरे झालं आता. बसा पेपर वाचत."

अण्णा बसले. पण तासभर एकच पान! मला त्यांचा भयंकर राग यायचा, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटायची. हा माणूस असाच खुर्चीत बसून बसून संपून जाईल, असं वाटायचं.

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी आमच्या जुन्या ग्राइंडरने दगा दिला. उद्या पंधरा माणसं जेवायला येणार, पुरणाची डाळ शिजून तयार, आणि मोटर नुसती गुरगुरतेय, भांडं काही फिरत नाही. अण्णा ताडकन उठले. आई किल्ली देईना. दोघांची जुंपली, तेव्हा माझं डोकं फिरलं आणि मी सरळ फोन करून मेकॅनिक बोलावला.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "बोलवा बोलवा. आता तुमचंच राज्य," म्हणाले, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेकॅनिक आला. चाळिशीचा, हसतमुख, पाठीला बॅग. त्याने खालून बघितलं. पट्टा निसटला होता. तो बसवायचा तर भांडं काढायला हवं, आणि भांडं काढायचं तर मधला नट सुटायला हवा. नट काही हलेना. "स्वल्प जाम झालाय, अक्का," असं कानडीमिश्रित मराठीत म्हणत त्याने पान्याला लांब पाइप लावला आणि अंगाचा सगळा भार टाकला.

"अरे ए! उलटा! उलटा फिरव!"

आतलं दार धाडकन उघडलं. अण्णा बनियनवरच बाहेर आले होते. "मोडशील माझा शाफ्ट!"

मग उलगडा झाला. खूप वर्षांपूर्वी हा नट भांड्याच्या फिरण्याने आपोआप सैल व्हायचा. म्हणून अण्णांनी कारखान्यात नवा शाफ्ट आणि नवा नट बनवला होता, उलट्या आट्यांचा. सगळ्या जगाचे नट डावीकडे फिरवले की सुटतात, आमचा उजवीकडे. सांगितलं होतं कुणाला? कुणालाच नाही. दुसरं कुणी तो खोलेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आत बसून त्यांनी फक्त पान्याची करकर ऐकली होती.

मेकॅनिकने पाना उजवीकडे फिरवला. एका झटक्यात नट हातात! तो खिडकीशी गेला, आट्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, हे आटे तुम्ही पाडलेत?"

"मग? तुझ्या बापाने?" अण्णा म्हणाले. पण इतक्या खुशीत, की तोही खो खो हसला.

पुढचा अर्धा तास अण्णा स्टुलावर बसून सांगत होते आणि तो करत होता. "आणखी आवळू नकोस. हां, सरी, बरोबर." ग्राइंडर फिरला. आईने दोघांच्या हातात कॉफी दिली, आणि अण्णांच्या मांडीवर गुपचूप किल्ली टाकली. मी पुरण वाटायचं सोडून रडत होते, तर आई म्हणे, "वेडी की काय! डाळ गार होतेय."

जाताना मेकॅनिकने अण्णांचा नंबर घेतला. आठच दिवसांत त्याचा फोन आला. कुणाचा तरी जुना ग्राइंडर, पार्ट कुठे मिळत नाही, सर जरा बघायला येता का? अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. आता आठवड्यातून दोन-तीनदा जातात. हात त्याचे आणि डोकं यांचं, असं दोघांनी ठरवून टाकलंय.

आमच्या स्वयंपाकघराचा नळ सोमवारपासून गळतोय. काल अण्णा चपला घालत होते तेव्हा मी आठवण केली.

"अगं, मग प्लंबरला बोलव की," ते म्हणाले. "मला कुठे वेळ आहे?"