मंगळवार चारची बाहुली

माझी थोरली बहीण मुलांशी खेळायचा पगार घेते, असं आमचे वडील सगळ्यांना सांगायचे आणि स्वतःच हसायचे. या कामात तिला आता अठ्ठावीस वर्षं झाली. मार खाल्लेली, घरात नको ते पाहिलेली पोरं तिच्या समुपदेशन केंद्रात येतात. खोलीत एक टेबल, एक सतरंजी, लाकडी ठोकळे आणि कापडी बाहुल्यांची टोपली. त्या बाहुल्या माझ्या. मी शिवणकाम करते. आई, बाबा, आजी, डॉक्टर, पोलीस, अख्खं खानदान मी उरलेल्या चिंध्यांतून उभं केलंय. फाटलेली बाहुली ताईच्या पिशवीतून घरी यायची, मी शिवायचे, सकाळी ती परत जायची. त्यासाठी आम्हाला कधी बोलावंही लागलं नाही.

मुलांची नावं ताई घरी घेत नाही. वार आणि वेळ, बस्स. "सोमवार दोन आज माझ्या चष्म्यावर बसला." "शुक्रवार पाचनं आज स्वतःहून दार लावलं." मी म्हणायचे, "ताई, तू बोलतेस की बसचं वेळापत्रक वाचतेस?" आणि तिचा एक हट्ट होता. मुलाला प्रश्न विचारायचा नाही. त्यानं सुरू केलेला खेळ मध्येच मोडायचा नाही, की आवरायचा नाही. घरी मात्र भाजीत मीठ कमी का, इथपासून तिची उलटतपासणी सुरू व्हायची.

'मंगळवार चार' म्हणजे सात वर्षांची एक मुलगी. तिची आई घरातल्या जिन्यावरून पडून गेली, असं वडिलांनी सांगितलं होतं. घरात तिसरं माणूस म्हणजे ही एवढीशी पोर, आणि त्या दिवसापासून अकरा महिने तिनं तोंडातून ब्र काढला नव्हता. मावशीनं तिला आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. आता वडील मुलीला परत मागत होते आणि मुलांचे ताबे ठरवणारी समिती एका गुरुवारी निर्णय देणार होती. मुलीनं काही सांगितलं, निदान दाखवलं तरी समिती थांबणार होती. मावशी ताईचे हात धरून म्हणाली, "तिला तिथं पाठवू नका हो. मी तुमच्या पाया पडते."

हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी त्या पिशवीला हातसुद्धा लावला नसता.

सात महिने ती मुलगी टेबलाखालीच बसली. मग एक दिवस बाहेर आली आणि ठोकळ्यांचा जिना रचायला लागली. निर्णयाच्या आधीच्या आठवड्यात तिनं आई बाहुली जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवली, शेजारी बाबा बाहुला. मग आई बाहुलीचा हात दातांनी ओढून खांद्यापासून उसवला आणि ताईकडे पाहिलं. तेवढ्यात तास संपला. तिनं ती बाहुली ताईच्या तळहातावर ठेवली आणि ताईची बोटं स्वतः मिटवली. पुढच्या मंगळवारी ती उरलेलं दाखवणार, याची ताईला खात्री होती. केंद्रात रंगकाम चालू होतं, कुणीतरी बाहुली फेकून देईल म्हणून तिनं ती पिशवीत घालून घरी आणली.

मी डबा घासायला काढताना ती माझ्या हाताला लागली. वीस वर्षांची सवय. मी हात शिवला, आतून, बारीक टाक्यांनी, आणि बाहुली होती तिथं ठेवून दिली. छान झाला होता, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी ताईनं पोरीच्या समोरच बाहुली बाहेर काढली. पोरीनं खांद्यावरून अंगठा फिरवला, दोनदा. मग बाहुली टोपलीत ठेवली आणि टेबलाखाली जाऊन बसली. तास संपेपर्यंत ती बाहेर आली नाही.

ताई घरी आली तेव्हा मी मशीनवर होते. तिनं चप्पलही काढली नाही.

"हात तू शिवलास?"

"मग काय तर! टाका दिसतोय का बघ कुठे."

ती भिंतीला टेकून खाली बसली. तिनं मला सगळं सांगितलं, वार आणि वेळ सोडून बाकीचंही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी बाहुली मागितली, म्हटलं आत्ता उसवते, जशी होती तशी करते. ती म्हणाली, "राहू दे गं. तिला आता माहीत झालंय की आपण शिवतो."

गुरुवारी समितीनं ताईचा अहवाल वाचला. अध्यक्षबाई म्हणाल्या, "बाहुलीचा हात तुटला, यावरून आम्ही काय समजायचं? वडील तर शांत गृहस्थ दिसतात." ताईनं आणखी दोन मंगळवार मागितले. हात जोडले. तिनं आयुष्यात कुणापुढे हात जोडलेले मी पाहिले नाहीत. मुलगी वडिलांकडे गेली.

बाहेर मावशी बाकावर बसून रडत होती. वडिलांनी मुलीचं बोट धरलं होतं. ताई निरोप द्यायला तिच्यापुढे गुडघ्यावर बसली. तेव्हा ती पोर बोलली. अकरा महिन्यांनी, घोगऱ्या आवाजात, अगदी साधं काहीतरी विचारावं तसं.

"मग आईला का नाही शिवलं?"

ताई तशीच परत आत गेली. मुलगी बोलली, म्हणून सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि हा काही जबाब होत नाही, असंही लिहिलं. वडील तोवर तिला घेऊन निघून गेले होते.

याला चार महिने झाले. ताईनं सहा अर्ज केलेत, एकाचंही उत्तर नाही. फाटलेल्या बाहुल्या अजून येतात, पण आता प्रत्येकीला चिठ्ठी टाचलेली असते, पोरानं 'शिव' म्हटलंय की नाही याची. मंगळवारी चारला ती दुसऱ्या कुणाला वेळ देत नाही. सतरंजीवर ठोकळ्यांचा जिना रचून ठेवते आणि पाच वाजेपर्यंत एकटीच बसते.