तपासणीआधी धुतलेले स्फटिक

काम चालू आहे हे दिसू नये म्हणून प्रयोगशाळा धुतल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का? परभणीतल्या आमच्या कॉलेजात मी ते पाहिलं. मी तिथे तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते.

सकाळी लॅब उघडली, तर आमचे अटेंडंट काशिनाथमामा काचेच्या बाटल्या उपड्या घालत होते.

"मामा, हे काय केलं?"

"सरच म्हणले, मॅडम. उद्या तपासणीची कमिटी येयलीय, अन् हे भोकं पाडलेले कागद लय घाण दिसायलेत. घासून चकाचक केल्या बघा."

त्या बाटल्यांत रेखाचे सहा आठवडे होते. रेखा पीएच.डी. करते. तिने बनवलेला पदार्थ द्रावणात ठेवून, तोंडाला भोकांचा कागद लावून, हळूहळू सुकवायचा असतो. धक्का लागला नाही तर एखादा नितळ स्फटिक मिळतो. त्यावर एक्स-रे सोडले की अणू कुठे बसलेत ते कळतं. कडब्याच्या पेंढ्या गंजीत रचाव्यात तसे रेणू एकमेकांशेजारी कसे रचलेत, हेही कळतं. त्याला पॅकिंग म्हणतात. थिसिसचं शेवटचं प्रकरण त्यावरच होतं, आणि मुदत महिन्यावर आली होती.

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख, आणि तेच रेखाचे गाइड. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले.

"चार खड्यांसाठी एवढा आरडाओरडा? मागच्या बॅचच्या कंपाउंडच्या रचनेचं चित्र टाका. सारखंच तर आहे."

"सर, रेखाच्या रेणूत अणूंचा एक गट वेगळा आहे. पॅकिंग तेच राहील कशावरून?"

"परीक्षक काय भिंग घेऊन बसणार आहे? तुमची दोनची तासिका आहे ना? जा."

रेखा बाहेरच उभी होती. म्हणाली, "खोटंच टाकायचं असतं तर पेडगावहून रोज एस्टीला लटकत कशाला आले असते मी?"

तिने मुदतवाढीचा अर्ज केला. कारण लिहिलं: 'तपासणीपूर्वी सॅम्पल धुतले गेले.' सर म्हणाले, 'उन्हामुळे' लिही. तिने बदललं नाही. चौथ्या खेपेला त्यांची सही झाली.

पुन्हा बाटल्या लावल्या. दोन महिन्यांनी रिपोर्ट आला. दर दोन रेणूंच्या मध्ये पाण्याचा एक रेणू बसलेला, आणि त्यामुळे सगळी रचनाच निराळी. सरांच्या चित्रात पाण्याचा थेंब नव्हता. ते चिकटवलं असतं, तर रेखा खोट्या प्रकरणावर डॉक्टर झाली असती.

कमिटीने शेरा दिला: 'प्रयोगशाळा स्वच्छ.'

तुमच्या गावातल्या कॉलेजात अशी समिती येणार असेल, तर आधी जाऊन प्राचार्यांना एवढंच विचारा: आवरायला घेतलंत, ते तिथे काम करणाऱ्यांना विचारून का? उत्तर लेखी मागा.